निरंक

प्रश्न एकच होता, साडेतीन ओळींचा:
महापालिकेने काढावयाचे कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या
अमुक टक्क्यांपलीकडे जाऊ नये,
हे आपणांस मान्य आहे काय
'काय'पुढचं प्रश्नचिन्ह छापायचं राहिलं होतं.
एकतीस वर्षं लेखा विभागात काढलेल्या बाईला
असलं आधी दिसतं.

मान्य म्हणजे कंदील. अमान्य म्हणजे शिट्टी.
रांगेत कोणी म्हणालं, म्हणजे आता कंदील लावून बसायचं तर.
दुसरा म्हणाला, शिट्टी झाली की गॅस बंद करतात,
मर्यादा म्हणाल तर तीच.
धायरीच्या शाळेच्या पटांगणात
सकाळी आठलाच ऊन आणि तर्क दोन्ही चढले होते.

मी घरूनच ठरवून निघाले होते. कंदील.
मला कारंज्याचं कर्ज ठाऊक आहे.
उद्घाटनाच्या दिवशी ते बारा मिनिटं उडालं,
मग मोटर जळाली.
हप्ता मात्र दर मार्चला, दर सप्टेंबरला
माझ्याच हातून
पंधरा वर्षं वेळेवर उडत राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे अंथरूण एकाचं, पाय दुसऱ्याचे,
आणि ज्याला थंडी वाजणार
तो अजून जन्मायचाय.
हे मी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं, सरकारी शब्दांत.
करमळकरसाहेब म्हणाले,
बाई, शेरा रकान्यात मावेल एवढाच असावा.

माझ्यापुढे बेबीताई पोकळे, कडेवर नातू.
गाव शहरात गेलं म्हणे, पण पाणी काही गेलं नाही.
ते टँकरनं येतं, मंगळवारी,
आणि शुक्रवारी आलं तर.
"तीस वर्साचं कर्ज हाय म्हनं," ती म्हणाली,
"फिटंल तवा ह्यो बाप झाला असंल.
फेडू दे की. पानी पिऊन फेडंल."

तेव्हा ते पान आठवलं.
नोकरीचं दुसरं वर्ष. एका जुन्या जलवाहिनीचं कर्ज,
माझ्या जन्माआधी काढलेलं.
शेवटचा हप्ता मी नोंदवला, लाल शाईनं
खाली दोन रेघा ओढल्या आणि लिहिलं: निरंक.
काय हलकं वाटलं होतं!
जेवणाच्या सुट्टीत हात धुतले,
ओंजळीनं पाणी प्याले,
आणि पान उलटलं.
शाळेत, पेठेतल्या दोन खोल्यांत, बाळंतपणात,
कुणा अनोळखी माणसांच्या सहीवर
मी जन्मभर तहान भागवली होती.

आत शाई लावणारा मुलगा नवखा,
जीभ दातांत धरून
नखावर रेघ ओढत होता.
पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटी,
एक कारंजं, एक नळ,
दोन्ही माझ्याच अक्षरात.
आणि त्या टक्केवारीत
कुठलं कर्ज कशापायी, याला रकाना नव्हता.

केंद्राध्यक्ष दोनदा खाकरले.
मी कंदील दाबला.

फाटकाशी बेबीताई थांबली होती.
तिनं विचारलं नाही, मीच सांगितलं.
मतदान गुप्त असतं खरं,
पण हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईपासून
लपवायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नाही.
ती रागावली नाही. नातवाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली,
"मंग दर मंगळवारी तुमच्या सोसायटीच्या टाकीतनं
दोन हंडे द्या."

रात्री घरखर्चाच्या वहीत लिहिलं:
देणे. बेबीताई पोकळे. हंडे दोन, दर मंगळवारी.
व्याज लिहिलं, खोडलं.
मुदत या शब्दापुढे पेन टेकवून
किती वेळ बसले कोण जाणे.
खाली सोसायटीचा टँकर अंधारात मागे येत होता,
आणि वॉचमन त्याला वाट दाखवत
जोरजोरात
शिट्टी वाजवत होता.